मुलीला धनुष्याने टर्कीच्या शिकारीला न्यायचंय: पहिल्या वसंताची तयारी

प्रश्न थोडक्यात असा: विस्कॉन्सिनमधलं मराठी कुटुंब. बारा वर्षांची मुलगी दोन वर्षं शाळेच्या तिरंदाजी संघात आहे. तिला येत्या वसंतात धनुष्याने रानटर्कीची शिकार करायची आहे. वडिलांनी कधी शिकार केलेली नाही, पण ते तिच्याबरोबर जायला तयार आहेत. कुठून सुरुवात करायची, काय घ्यायचं, आणि हे तिच्यासाठी ओझं न होता दोघांचं कसं होईल?

पहिली गोष्ट सामान विकत घेण्याच्या आधीची. पहिल्या वर्षी तुम्ही स्वतःसाठी धनुष्य घेऊ नका. एका लपणात (लपून बसायच्या तंबूत) दोन धनुष्यं मावत नाहीत हे एक कारण. मोठं कारण असं की हातात धनुष्य असलेला बाप पक्ष्याकडे बघतो, मुलीकडे बघत नाही. तुमचं काम मागे बसून अंतर सांगणं, हाक घालणं (टर्कीसारखा आवाज काढून पक्ष्याला बोलावणं) आणि गप्प राहणं. तिसरं सगळ्यात अवघड आहे.

आता कागदपत्रं. विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 ला किंवा नंतर जन्मलेल्याला स्वतंत्रपणे शिकार करायची तर शिकारी-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. मार्गदर्शकाच्या हाताच्या अंतरात राहून, प्रमाणपत्राशिवाय शिकार करण्याची सोय आहे, पण तो मार्गदर्शक स्वतः पात्र आणि परवानाधारक असावा लागतो. तुम्ही तसे नाही, त्यामुळे सरळ वाट म्हणजे दोघांनीही अभ्यासक्रम करणं. बापाला आणि मुलीला एकच परीक्षा असली की जेवणाच्या टेबलावर प्रश्न विचारायचा हक्क तिलाही मिळतो. हे फार बरं असतं. वसंतातल्या टर्कीसाठी परवाना, टर्कीचा स्टॅम्प (परवान्याला जोडायची वेगळी मंजुरी) आणि त्या विभागाचं व कालावधीचं अनुमतिपत्र लागतं. अनुमतिपत्राच्या सोडतीचा अर्ज 10 डिसेंबरपर्यंत करायचा असतो, उरलेली पत्रं मार्चमध्ये विकली जातात. हंगामाचे सात-सात दिवसांचे सहा कालावधी असतात, पहिला एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी सुरू होतो. त्याच्या आधीचा शनिवार-रविवार सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी राखलेला असतो. तुमच्यासाठी तोच उत्तम, कारण तेव्हा पक्ष्यांना अजून कोणी सतावलेलं नसतं. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका मुलीला वाचायला द्या आणि तुम्ही तिच्याकडून समजून घ्या.

पुष्कळ मराठी पालक विचारतात म्हणून एक गोष्ट सांगतो. एच-1बीसारख्या व्हिसावर असणाऱ्यांना बंदूक बाळगण्यावर केंद्रीय कायद्याची बंधनं आहेत, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद. धनुष्य त्या कायद्याच्या दृष्टीने बंदूक नाही, तेव्हा ती काळजी इथे नाही.

आजी-आजोबा फोनवर ‘शिकार म्हणजे गुन्हाच ना?’ असं विचारतील. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तसं आहेच. इथली गोष्ट वेगळी आहे. विस्कॉन्सिनमधून रानटर्की 1881 च्या सुमारास पूर्ण संपली होती. 1976 मध्ये मिसूरीकडून पक्षी आणून व्हर्नन काउंटीत सोडले, बदल्यात मिसूरीला इथले रफ्ड ग्राउस नावाचे रानपक्षी दिले. आज राज्यभर दिसणाऱ्या टर्की त्या प्रयत्नांतून वाढलेल्या आहेत. संवर्धनाचा मोठा पैसा परवान्यांतून आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखालच्या करातून येतो. धनुष्यावर तो 11 टक्के असतो, म्हणजे मुलीच्या धनुष्याच्या किमतीतही तो आहे. वसंतात फक्त नर, किंवा छातीवर दाढी (केसांसारख्या पिसांचा झुपका) दिसणारा पक्षी मारता येतो. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे काही नर कमी झाल्याने त्या वर्षीच्या पिल्लांना फरक पडत नाही.

धनुष्याकडे वळू. शाळेतलं जेनेसिस धनुष्य 10 ते 20 पौंडांचं असतं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागतो. ते लक्ष्यासाठी आहे, टर्कीसाठी चालणार नाही. मुलीची शिस्त मात्र त्यावरच घडली आहे, ती मोडू नका. फरक दोन आहेत. एक म्हणजे जेनेसिसला लेट-ऑफ नाही: पूर्ण ओढल्यावर 20 पौंड बोटांवर 20 पौंडच राहतात. शिकारीच्या कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्याला 75 टक्के लेट-ऑफ असेल तर 35 पौंड ओढूनही धरून ठेवायला नऊ पौंडांपेक्षा कमी लागतात. म्हणजे ओढणं जड आणि धरणं हलकं. दुसरा फरक असा की शाळेत ती बोटांनी दोरी सोडते आणि पिनेशिवाय नेम धरते. आता मनगटाचा रिलीज (दोरी धरून चापाने सोडणारं साधन), पीप (दोरीत बसवलेलं, बघायचं भोक) आणि पिन (धनुष्यावरचा नेमाचा ठिपका) येणार. या बदलाला दोन महिने द्या. रिलीजचा चाप बोटाने खेचायचा नसतो. बोट चापावर टेकवून पाठीचे स्नायू आवळत जायचे आणि बाण ‘अचानक’ सुटायचा. चाप झटक्याने ओढायची सवय एकदा लागली की मोडायला वर्ष जातं.

घ्यायचं ते वाढत जाणारं धनुष्य. बेअर क्रूझर जी2 सारखी धनुष्यं 5 ते 70 पौंड जोर आणि 12 ते 30 इंच ड्रॉ लेंग्थ (दोरी मागे ओढण्याची लांबी) इथपर्यंत बदलता येतात, म्हणून कॉलेजपर्यंत चालतात. ड्रॉ लेंग्थ काढायची रीत: दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंच मोजा, अडीचने भागा. 60 इंच आले तर 24. धनुष्य ‘मोठं होईल तसं’ म्हणून एक इंच लांब लावू नका. लांब ड्रॉ लेंग्थने मुलगी मागे झुकते, दोरी जॅकेटच्या बाहीला घासते आणि बाण डावीकडे जातात.

ड्रॉ वेट, म्हणजे ओढायचा जोर, 30 पौंडांच्या खाली नको, राज्याची किमान मर्यादा काहीही असो. 34-35 पौंड हे बारा वर्षांच्या सराव असलेल्या मुलीला जमण्यासारखं आहे, पण थेट तिथे उडी नको. डिसेंबरच्या मध्याला 22 पौंडांवर सुरुवात करा आणि दर तीन आठवड्यांनी दोन पौंड वाढवा. सहा टप्पे, अठरा आठवडे, एप्रिलच्या मध्याला 34. लिंब म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा; त्या घट्ट करणाऱ्या लिंब बोल्टच्या एका पूर्ण फेऱ्याला साधारण दोन ते तीन पौंड फरक पडतो. वरचा आणि खालचा बोल्ट सारखाच फिरवायचा, आणि उत्पादकाने सांगितलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त ढिला करायचा नाही. दर टप्प्याला पिन नव्याने जुळवावी लागते.

वजन तिला झेपतं की नाही हे उभं राहून कळत नाही. पाय जमिनीला न टेकता उंच स्टुलावर बसवा. धनुष्य समोर खांद्याच्या उंचीवर धरून, आकाशाकडे न उचलता, तिने सरळ मागे ओढलं पाहिजे. मग तीस सेकंद धरावं आणि बाण न सोडता हळूच परत आणावं. हे तीनही जमलं तर वजन बरोबर. धनुष्य वर उचलूनच ओढता येत असेल तर दोन पौंड उतरवा, त्यात कमीपणा काही नाही. लपणात ते वर उचलणंच पक्ष्याला दिसतं. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही. रिकाम्या सुटीने लिंब तडकतात.

बाण 350 ते 400 ग्रेनच्या (बाणाच्या वजनाचं एकक) आसपास, टोकासह. हलक्या धनुष्याला हलका बाण वेगवान वाटतो, पण आत शिरायला वजन लागतं. इथे बाजारात सगळ्यात आकर्षक दिसतात ती लागल्यावर उघडणारी मोठी टोकं, दोन इंच रुंद. 60 पौंडांच्या धनुष्याला ठीक. 34 पौंडांवर ती उघडण्यातच अर्धा जोर खर्च होतो आणि बाण पिसांत अडकतो. तुम्हाला हवं ते स्थिर पात्याचं, टेकल्याक्षणी कापणारं, एक ते सव्वा इंच रुंद, 100 ग्रेनचं टोक. सरावाच्या साध्या टोकांनी जिथे लागतो तिथेच शिकारीचं टोक लागेल असं गृहीत धरू नका. पात्यांना हवा लागते. धनुष्य नीट जुळलेलं नसेल तर पंधरा यार्डांवरही दोन-तीन इंच फरक पडतो. दुकानातल्या माणसाला सांगून कागदातून बाण सोडून जुळवणी करून घ्या. मग त्याच टोकांचे दोन बाण फक्त सरावासाठी ठेवा, शिकारीचे तीन वेगळे आणि धारदार.

पीपचं भोक लक्ष्यासाठी बारीक असतं. पहाटेच्या उजेडात त्यातून काळोखच दिसतो. पाव इंचाचा पीप बसवा. पिन एकच, 15 यार्डांची. पाच पिनांतली कुठली, हा प्रश्न त्या क्षणी तिच्यापुढे नकोच.

किती अंतर? टर्कीचं हृदय-फुफ्फुस मिळून जे ठिकाण आहे ते क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरा मोठं. पक्षी मात्र पिसं फुगवून पिंपाएवढा दिसतो, तिथे फसगत होते. कागदावर तीन इंचांचं वर्तुळ काढा. बसून, जॅकेट घालून, लपणाच्या खिडकीतून, दहापैकी नऊ बाण वर्तुळात जातील ते तिचं अंतर. बहुतेक मुलींचं-मुलांचं ते 12 ते 15 यार्ड निघतं. एप्रिलमध्ये रोज शाळेआधी एकच बाण सोडायला लावा, थंड अंगाने, एकच. विसाव्या बाणाचा नेम सगळ्यांचाच चांगला असतो; रानात पहिलाच बाण असतो.

नेमाची जागा हा या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. चित्र छापून फ्रिजवर लावा. आडव्या (बाजू आपल्याकडे करून) उभ्या, पिसं न फुगवलेल्या पक्ष्याचा पंख जिथे अंगाला जोडलेला असतो तो सांधा शोधायचा आणि त्यावर किंवा बोटभर मागे नेम धरायचा. फुफ्फुसं पाठीला लागून, माणसाला वाटतं त्यापेक्षा वर असतात. बाण खाली गेला तर तो छातीच्या मांसातून जातो, पक्षी उडून जातो आणि कुठेतरी दूर मरतो. जरा वर गेला तर पाठीचा कणा किंवा पंखाचं हाड मोडतं आणि पक्षी जागीच राहतो. म्हणून शंका असेल तर वर. पाठमोरा, पिसारा पंख्यासारखा पसरून उभा असेल तर शेपटी जिथे अंगातून निघते त्या बुडाशी नेम. बाण लांबीच्या दिशेने आत जातो, आणि त्या वेळी पंख्याआड त्याचे डोळे झाकलेले असतात.

तिच्यासाठी या दोनच स्थिती. समोरून येणारा पक्षी नाही: दाढीच्या मुळाशी नेम धरतात, पण लक्ष्य फार अरुंद. मान नाही, कारण ती सतत हलते आणि मानेसाठीची रुंद टोकं 34 पौंडांवर नीट उडत नाहीत. आडवा पण पूर्ण फुगलेला असेल तर थांबायचं. तुम्ही एक कडक ‘टक्’ असा आवाज काढा, बहुतेकदा तो मान उंच करतो आणि पिसं खाली बसवतो. तेव्हा ती सोडेल. ‘पक्ष्यावर’ नेम धरू नकोस, एका पिसावर धर, हे तिला आधीपासून सांगत राहा. लाल-निळं डोकं नजर खेचून घेतं आणि बाण पाठोपाठ जातो.

जागा फेब्रुवारीतच बघा. एखाद्या शेतकऱ्याच्या दारावर जाऊन परवानगी मागायची असेल तर मुलीला पुढे करा आणि बोलू द्या. बंदुकीला नाही म्हणणारे पुष्कळ लोक धनुष्याला हो म्हणतात. मग दोघं जमीन वाचायला निघा. नराची विष्ठा इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वाकडी, मादीची गोळा किंवा वेटोळं. नराच्या पावलाचं मधलं बोट अडीच इंचांहून लांब. मातीत पावलांच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघा दिसल्या तर तिथे नर पंख घासत नाचला आहे, ती जागा नोंदवा. संध्याकाळी रातथाऱ्याच्या आसपास घुबडाचा आवाज काढला तर झाडावरचा नर न राहवून ओरडतो. हे ऐकायला जाणं हीच पहिली सहल समजा, धनुष्याशिवाय.

लपण म्हणजे इथे ज्याला ब्लाइंड म्हणतात तो झटकन उघडणारा तंबू. दोघांसाठी आतून किमान सहा फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच घ्या. लहान घेतलं तर धनुष्याचं वरचं टोक छताला लागतं. टर्की हरणासारखी तंबूला बिचकत नाही, पण आतली हालचाल तिला लगेच दिसते. म्हणून मागच्या आणि बाजूच्या खिडक्या पूर्ण बंद, आत काळोख. आत असताना पानाफुलांचे छापील कपडे निरुपयोगी: काळा स्वेटर, काळा हातमोजा, तोंडावर काळं कापड. हातमोजा घालून सराव केलेला असावा. लाल, पांढरं, निळं अंगावर काहीही नको, कारण नराच्या डोक्याचे ते रंग आहेत आणि रानात दुसरेही शिकारी असतात. बनावट पक्षी नेता-आणताना नारिंगी पिशवीत झाकून न्यायचे, त्याचंही कारण तेच.

जवळच्या नेमाला हमखास होणारी एक चूक. पिन डोळ्याच्या रेषेत असते, बाण त्याच्या तीन-चार इंच खाली. मुलीला खिडकीतून पक्षी स्वच्छ दिसतो, ती सोडते आणि बाण खिडकीच्या कडेच्या कापडात घुसतो. म्हणून खिडकीची खालची कड तिच्या बाणाच्या चार बोटं खाली आणा, आणि घरच्या अंगणात लपण लावून तिथूनच सराव करा. खिडकीवरची जाळी काढून टाका. हलक्या बाणाला तेवढाही अडथळा नको.

खुर्चीला हात नसावेत आणि तिचे तळवे जमिनीला टेकावेत. उजव्या हाताने ओढणारी असेल तर बसताना डावा खांदा खिडकीकडे येतो आणि पाठ लपणाच्या डाव्या भिंतीकडे. तुम्ही तिथे, तिच्या पाठीशी बसा. तुम्हाला तिच्या खांद्यावरून बाणाची रेषा दिसते आणि तिचं कोपर तुमच्या नाकावर येत नाही. मागे कोपरासाठी अडीच फूट मोकळे हवेत.

बनावट पक्षी दोन पुरेत: खाली बसलेली मादी आणि एक वर्षाचा नर, ज्याला इथे जेक म्हणतात. जेक लपणापासून सहा-सात यार्डांवर, तोंड लपणाकडे करून. मोठा नर त्या पोराला धमकावायला समोरून येतो, म्हणजे लपणाकडे पाठ करून उभा राहतो. तिने ओढायचं ते तेव्हाच. बंदुकीवाले वीस यार्डांवर ठेवतात, ते बघून तसं करू नका. नर पुष्कळदा काही यार्ड अलीकडे किंवा पलीकडे थबकतो. जेक सातवर असेल तर तो तरीही आवाक्यात राहतो. पूर्ण पिसारा पसरलेला बनावट नर टाळा, दुय्यम नर त्याला घाबरून लांबूनच वळतात.

हाक मुलीला शिकवा. लाकडी पेटीची हाक तासाभरात जमते: झाकणाला तेल नसलेला खडू, हात सैल, चार-पाच ‘येल्प’ (मादीची साद) आणि मग दहा-पंधरा मिनिटं काही नाही. पक्षी साठ यार्डांच्या आत आला की पेटी खाली ठेवायची आणि तिचे हात धनुष्यावर. तिथून पुढे तुम्ही, तोंडातल्या पडद्याच्या हाकेने. तो पडदा जिभेवर बसायला महिनाभर लागतो आणि सुरुवातीला घरातली सगळी माणसं वैतागतात. गाडीत सराव करा.

वेळेचं म्हणाल तर परवानगी सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून असते, आणि सगळे अनुभवी लोक तुम्हाला पहाटे साडेतीनला उठा म्हणतील. पहिल्यांदा नका उठवू. नऊ ते बारा ही वेळ चांगली. माद्या घरट्यावर जाऊन बसतात आणि एकटा पडलेला नर हाकेला जास्त ओ देतो. मुलीची झोप झालेली असते, उजेड भरपूर असतो. दुसऱ्या-तिसऱ्या सहलीला तीच म्हणेल की पहाटे जाऊ, झाडावरून उतरताना ऐकायचंय.

टर्कीला वासाची जाण जवळजवळ नाही. हरणाच्या शिकारीतल्या वासाच्या सगळ्या बंधनांतून सुटका. म्हणून डब्यात लाडू न्या, थालीपीठ न्या, थर्मासमधून चहा घ्या. चिवडा नको, कुरकुर ऐकू जाते. प्लास्टिकच्या पुड्या घरीच फोडून कापडी पिशवीत भरा. कुजबुज चालते. तीन तास अंधाऱ्या तंबूत, फोन बंद, बाहेर पाऊस किंवा ऊन. एरवी ‘शाळेत काय झालं’ला ‘काही नाही’ असं उत्तर देणारी मुलगी इथे आपणहून बोलायला लागते. तुम्ही विषय काढू नका. तिने काढला तर सल्ला देऊ नका. पुस्तक नेऊ द्या. ‘कंटाळा आला’ म्हणाली की निघायचं, अजून अर्धा तास असं म्हणायचं नाही. पुढच्या शनिवारी ती येणार की नाही ते तिथे ठरतं.

एप्रिलमधली सकाळ शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास असते. बसून राहिलं की पाय आधी गारठतात, तेव्हा लोकरी मोजे आणि बुटात टाकायच्या गरम पुड्या न्या. कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन (गोचीड मारणारं औषध) फवारून वाळवा, घरी आल्यावर काखा, गुडघ्याच्या मागे, केसांत गोचीड तपासा. विस्कॉन्सिनमध्ये लाइम रोग आहे, हे गांभीर्याने घ्या.

आता शब्दांचा करार. पक्षी समोर आला की तुम्ही दोनच शब्द बोलायचे: ‘थांब’ आणि ‘ओढ’. ‘सोड’ हा शब्द तुमच्या तोंडून निघता कामा नये. बाण सोडायचा की नाही ते तिचं. ‘मार, मार’ अशी कुजबुज करणाऱ्या बापामुळे जेवढे पक्षी जखमी होऊन गेले आहेत तेवढे वाऱ्यामुळे गेले नसतील. ओढल्यावर तिला वाटलं की नको, तर तिने हळूच दोरी परत आणायची आणि तुम्ही कारण विचारायचं नाही. हे परत आणणं घरी मुद्दाम सरावात घ्या, दर पाच बाणांमागे एकदा. सराव नसेल तर हात थरथरतात आणि बाण नको तिथे सुटतो.

ओढण्याची घाई हीच बाकी चुकांची आई. पक्षी चाळीस यार्डांवर असताना ओढलं तर लेट-ऑफ असूनही दीड मिनिटात खांदा ढासळतो. बाण दोरीवर पक्षी दिसल्यावरच लावायचा, टोक कायम खिडकीच्या दिशेला. अंधारात चालताना सगळे बाण भात्यात, पाती झाकलेली. ओढताना बोट चापाच्या मागे, पिन जागेवर आली की चापावर.

बाण लागला. दोघांनी जागचं हलायचं नाही. पक्षी उड्या मारत जाईल, पंख आपटेल, किंवा काहीच न झाल्यासारखा चालत जाईल. मुलीने दुसरा बाण लावायचा, तुम्ही त्याच्या वाटेवरची एखादी खूण, म्हणजे झाड, खांब किंवा दगड, नजरेत पक्की धरायची. नजरेसमोर पडला आणि हालचाल थांबली तर दहा मिनिटांनी जा. दृष्टीआड गेला तर किमान तास थांबा. पोटात लागला असं वाटलं तर चार तास. टर्कीच्या पिसांत रक्त जिरतं, माग फारसा पडत नाही. जखमी पक्षी ओढ्याच्या काठाला, पडलेल्या झाडाखाली, दाट झुडपात शिरून बसतो. शोध तिथून सुरू करा. मिळेपर्यंत शोधणं हाही त्या दिवसाचा भाग आहे, आणि मिळाला नाही तर तेही तिच्यासमोर स्पष्ट बोला: बाण कुठे लागला, का, पुढच्या वेळी काय. गोड शब्दांत झाकू नका, मुलांना कळतं.

सापडल्यावर आधी फोटो काढायचा नाही. काही मुलं आनंदाने ओरडतात, काही रडतात, काही दोन्ही करतात. पाचेक मिनिटं द्या. तिला पिसांना हात लावू द्या. ऊन पडलं की त्यांवर तांब्याची, हिरवी झाक येते, ती फोटोत कधीच दिसत नाही. रडली तर ‘यात रडण्यासारखं काय’ हे वाक्य गिळा. पक्षी उचलताना दोन्ही पाय धरा, नराच्या पायाला धारदार काटा असतो. शरीरात पात्याचा तुकडा राहिला नाही ना ते बघा. नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन किंवा फोनवर करायची, ती तिच्या हातून होऊ द्या.

मांस लवकर थंड करा, 4 अंश सेल्सिअसपर्यंत. छातीचे दोन तुकडे काढताना मानेखालची पिशवी फोडून दाखवा, आत मका, क्लोव्हरची पानं, भुंगे असं त्या सकाळचं जेवण असतं. सगळ्यात जास्त प्रश्न मुलं इथे विचारतात. छाती पातळ कापून झटपट परतावी, आतून 74 अंश सेल्सिअस झालं की उतरवावी. जास्त शिजली तर पेंढा होते. तंगड्यांतले स्नायुबंध हाडासारखे कडक असतात, त्यांना कुकरमध्ये मंद आचेवर चाळीसेक मिनिटं द्या. मग मांस सोडवून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करा. रानटर्कीच्या मांसात चरबी फारशी नसते, त्यामुळे तेल थोडं सढळ. घरात कोणी शाकाहारी असेल तर भांडी वेगळी ठेवण्याचं आधीच ठरवा, रात्री दहाला तो वाद नको.

शेपटीचा पंखा मुळाशी कापा, मांस-चरबी खरवडून काढा, पुठ्ठ्यावर पसरून टाचण्या लावा आणि मुळाशी बोरॅक्स दाबून दोन-तीन आठवडे वाळू द्या. पंखातली लांब पिसं फेकू नका. बाणाला लावायची पिसं आजही टर्कीच्याच पंखाची असतात, आणि ती घरी लावता येतात: दांडा मधून चिरायचा, तळ सपाट घासायचा, साच्यात धरून तीन पिसं चिकटवायची, साधारण चार इंच लांब. एका बाणावर तिन्ही पिसं एकाच पंखाची हवीत, उजवी किंवा डावी. मिसळली तर बाण फिरत नाही, डगमगतो. आणि मुलीच्या धनुष्यावर बाणाला चारी बाजूंनी धरणारा ब्रशचा टेकू असेल तर तो बदलून खाली पडणारा टेकू बसवा, नाहीतर आठवडाभरात पिसं झिजतील.